मूळ वाचलंस का?

मॅडम कुठलाही शोधनिबंध शेवटून वाचायच्या. आधी संदर्भांची यादी, मग निष्कर्ष, मग माणसं कुठली घेतली आणि त्यांना काय विचारलं ते, आणि पहिल्या पानावरचा सारांश अगदी शेवटी. त्यांच्याकडे गेले त्या पहिल्याच दिवशी मी एका पेपरचा सारांश भराभर वाचून "कळलं" म्हटलं. लहान मुलाच्या हातातून विळा काढून घ्यावा तसा त्यांनी तो कागद माझ्या हातातून काढून घेतला.

"सारांश आधी वाचलास की पुढे डोळ्यांना तेवढंच दिसतं," त्या म्हणाल्या. "मग चुकतं. आणि चुकलेलं कळतही नाही."

हे म्हणताना त्यांनी दाराकडे पाहिलं. चुकलेलं जणू बाहेर पायरीवर येऊन बसलं होतं.

मी पीएच.डी.साठी त्यांच्याकडे होते. मी आंबेगाव तालुक्यातली, घोडेगावच्या बाजूची. एस.टी.ने जुन्नर, तिथून ओतूर. ओतूरला एका कॉलेजात मॅडम मानसशास्त्र शिकवायच्या आणि राहायच्या डिंगोऱ्याच्या पुढे, रस्त्यापासून आत, शेतातल्या घरात. माझा विषय होता बिबट्याच्या वावरात राहणाऱ्या शेतकरी कुटुंबांची भीती. आमच्याकडे बिबट्याला कुणी बिबट्या म्हणत नाही, वाघच म्हणतात. तर त्या भीतीवर लिहिण्याआधी, असल्या भीतीबद्दल जगात आजवर कुणी काय शोधलंय ते वाचून, ताडून मांडायचं होतं. प्रबंधातलं ते दुसरं प्रकरण, पूर्वसंशोधनाचा आढावा. बरेच जण ते शेवटच्या महिन्यात जुन्या प्रबंधांतून उचलून उतरवतात. मॅडमकडे ते चालायचं नाही. म्हणून मॅडमकडे विद्यार्थीही फारसे टिकायचे नाहीत.

दिसायला त्या उंच, वाळक्या, खांदे पुढे घेतलेल्या. एप्रिलमध्येसुद्धा अंगात बिनबाह्यांचा स्वेटर आणि गळ्यात काळ्या दोरीला शिट्टी. कॉलेजात नवीन आलेली मुलं त्यांना खेळाच्या मॅडम समजायची. शिट्टी वाघासाठी होती. फाट्यावर एस.टी.तून उतरलं की त्यांच्या घरापर्यंतची वाट दोन्ही बाजूंनी उसाची. त्यांच्या चुलतभावाने, दादाने, वाट्याने केलेला ऊस पार घराच्या ओट्यापर्यंत आला होता. त्यांनी हात जोडून सांगून पाहिलं होतं की घराभोवती तरी दुसरं काही लाव. दादा म्हणाला, "वाघ काय ऊस बघून येतो व्हय? कांद्यात बी बसतोय आता त्यो."

संध्याकाळी त्या वाटेने जाणारे लोक मोबाईलवर मोठ्याने गाणी लावतात, काठी आपटत जातात. मॅडमला गाणी चालायची नाहीत. त्या संदर्भयादी म्हणायच्या, खड्या आवाजात. आडनाव, नावाचं आद्याक्षर, कंसात वर्ष, मग निबंधाचं नाव. एकदा मी त्यांच्यामागून त्या वाटेने गेले आहे. पुढे त्या, हातात बॅटरी, आणि जगभरच्या संशोधकांची आडनावं उसावरून एकामागून एक जातायत. मध्येच थांबून पानांची सळसळ ऐकायच्या. काही नसलं की पुढचं आडनाव. मला हसू येत होतं आणि हसता हसताच मी त्यांच्या आणखी जवळून चालत होते. दादा मात्र ओट्यावर बसून म्हणायचा, "मॅडम आल्या वाटतं. मंत्र ऐकाया येतोय."

घरातली मधली खोली म्हणजे त्यांचा आढावा. भिंतीपासून भिंतीपर्यंत नायलॉनच्या दोऱ्या बांधलेल्या, त्यांवर कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी लावलेले कागद. एखादा उपाय लागू पडला म्हणणारे पेपर खिडकीच्या बाजूला, लागू पडला नाही म्हणणारे पलंगाच्या बाजूला. ज्यांचं काही ठरत नाही ते मध्ये. आणि न वाचलेले थेट दारात, पडद्यासारखे, म्हणजे आत शिरताना ते डोक्याने बाजूला सारावे लागत. "रोज तोंडावर आपटले की लाज राहते," त्या म्हणत. पंखा लावायला मनाई होती. उन्हाळ्यात आम्ही दोघी घामाने निथळत त्या कागदांच्या खाली बसायचो. खिडकीकडे पाठ करून मात्र त्या कुणालाच बसू द्यायच्या नाहीत. पाठ भिंतीकडेच हवी.

मी काहीही लिहून नेलं की त्यांचे तेच ते प्रश्न. मी लिहिलं, 'असे सिद्ध झाले आहे की.' त्या विचारत, "कुणावर? कुठले होते ते? शहरातले कॉलेजचे विद्यार्थी? मग आपल्या रात्रपाळीला उसाला पाणी धरणाऱ्या माणसाचं त्यात काय आहे?" मी एखाद्या पुस्तकातलं वाक्य संशोधकाच्या नावाने दिलं, की चष्मा काढून विचारत, "मूळ वाचलंस का?" नसेल वाचलं तर ते वाक्य जायचं. कितीही चांगलं असो. माझं प्रकरण लिहिता लिहिता आखूड होत गेलेलं एकमेव प्रकरण असेल.

त्यांचा एक विद्यार्थी होता, नारायणगावचा, हुशार आणि घाईतला. त्याने एकदा संगणकाकडून आढावा लिहवून आणला. एका संध्याकाळीत, चांगला जाडजूड. भाषा अशी गोड की मला हेवाच वाटला. मॅडमनी नेहमीप्रमाणे शेवटचं पान उघडलं आणि एकेक संदर्भ शोधायला बसल्या. पहिला सापडला. दुसरा सापडेना. तिसरा ज्या नियतकालिकात असायला हवा होता त्यात त्या पानावर दुसराच कुणीतरी माशांवर लिहीत होता. चौथ्या नावाचा माणूसच कुठे मिळेना. मॅडमचा चेहरा उतरत गेला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या घाबरल्या.

"अरे, हा माणूसच नाहीये," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "नसलेल्या माणसाने न केलेला अभ्यास. आणि त्याच्या जोरावर तू लिहिलंयस की आठ-नऊ वर्षांच्या मुलांना भीतीच्या जागी पुन्हा पुन्हा न्यावं. उद्या कुणी शिक्षक हे वाचेल. नेईल एखाद्याला."

तो पोरगा म्हणाला, "मॅडम, इतकं कोण वाचतं?"

"तेच तर," मॅडम म्हणाल्या. त्यांनी उठून घराची कडी तपासली. दिवसाउजेडी. तो नंतर गाईड बदलून गेला. मॅडम पुढचे कितीतरी दिवस कॉलेजात कुणी नवं नाव घेतलं की आधी विचारायच्या, "हा आहे ना खरा?"

लोक त्यांना थट्टेने घेत. स्टाफरूममध्ये त्यांच्या पाठीमागे "मॅडमचा आढावा पुढच्या जन्मी" म्हणत. मीही त्यांच्या गोष्टी घरी सांगून सगळ्यांना हसवलंय. पण त्यांच्या जवळ बसलं की ती भीती अंगाला लागायची. मी पहिल्यासारखी बेधडक बोलेनाशी झाले. आई एकदा म्हणाली, "साधं 'उद्या पाऊस येईल' म्हण की गं." मला म्हणवेना.

एकदा धीर करून मी मॅडमना विचारलं, की तुम्हाला चुकायची एवढी धास्ती का? कधी काही घडलं होतं का?

त्या वाटाण्याच्या शेंगा सोलत होत्या. हातातली शेंग सोलून झाली. मग म्हणाल्या, "भीती वाटायला काहीतरी घडावंच लागतं, असं कुणी म्हटलंय? दाखव मला." तो विषय तिथे संपला. आजही मला ठाऊक नाही.

मग ती गोष्ट घडली.

मॅडमच्या घरापासून जवळच एक वस्ती आहे. तिथल्या प्राथमिक शाळेतून दुपारी पोरं घरी निघाली होती. चौथीतल्या ईश्वरीची चुलती त्यांना आणायला गेली होती, कारण त्या आठवड्यात वाघ दोनदा दिसला होता. बांधावरून ओळीने येताना उसातून तो बाहेर आला. ईश्वरीचा हात चुलतीच्या हातात होता. पोरांनी ओरडा केला, एका मोठ्या मुलाने दगड मारले, माणसं धावली. बाई वाचली नाही. ईश्वरीला काही इजा झाली नव्हती. पण त्या दुपारपासून ती बोलायची बंद झाली.

वस्तीवर दिवसा दारं लागायला लागली. बाया विहिरीवर जाईनात. वनखात्याने मॅडमच्या घरामागे पिंजरा लावला आणि आत शेळी बांधली. तिच्या ओरडण्याचा आवाज दिवसभर मधल्या खोलीत यायचा.

चार-पाच दिवसांनी शाळेचे मुख्याध्यापक गुरुजी मोटारसायकलवरून मॅडमकडे आले. चेहरा ओढलेला, पण जरा आशेने आलेले. पुण्याहून एक संस्था येणार होती. मुलांना गोल बसवून त्या दुपारी काय पाहिलं, काय वाटलं, ते एकेकाला सांगायला लावणार, म्हणजे मनात साठलेलं बाहेर पडेल. एक दिवसाचा कार्यक्रम. सरपंच, पालक, सगळे येणार.

"मॅडम, तुमी या विषयातल्या. तुमी फक्त दोन शब्द बोला. लोकांना धीर यील," गुरुजी म्हणाले.

"कधी आहे?" मॅडमनी विचारलं.

"परवा."

गुरुजी गेल्यावर मी उत्साहात होते. माझ्याच विषयातलं काहीतरी माझ्यासमोर होणार होतं. आणि मला त्यात वावगं काहीच दिसेना. मनातलं बोललं की मोकळं वाटतं, एवढं तर कुणालाही कळतं. मी तसं म्हणालेही.

मॅडम म्हणाल्या, "मूळ वाचलंस का?"

आम्ही वाचायला बसलो. घटनेनंतर लगेच माणसांना एकदाच बसवून सगळं सांगायला लावण्याबद्दल जे जे मिळेल ते. मी फोनवरून शोधायचे, प्रिंटर कुरकुरत कागद टाकायचा, मॅडम शेवटून वाचायच्या. जुने पेपर खिडकीच्या बाजूला जात होते. लोकांना बरं वाटलं, लोकांनी आभार मानले. पण बरं वाटलं हे त्यांनाच विचारलेलं, आणि न बोललेल्यांशी ताडून पाहिलेलं नाही. मग ज्यांनी दोन गट केले होते, एकाला बोलतं केलं आणि दुसऱ्याला नाही, असे पेपर आले. ते एकेक करून पलंगाच्या बाजूला जायला लागले. फायदा दिसत नव्हता. एखाद-दुसऱ्यात तर बोलतं केलेल्यांनाच पुढे त्रास जास्त झाला होता. मी दोरीवरची ती बाजू बघत राहिले.

"म्हणजे हे थांबवायचं," मी म्हणाले.

"थांब," मॅडम म्हणाल्या. "हे सगळे मोठे आहेत. अपघातातले, आगीतले. मुलांवरचं दाखव."

मुलांवरचं फारच थोडं निघालं, आणि त्यातून धड इकडचं ना तिकडचं काही ठरेना. आपल्याकडच्या मुलांवर, शेतातल्या वस्तीवर, वाघ अजून मोकळा असताना, यावर तर काहीच नाही. बाहेर शेळी ओरडतच होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडम त्या कागदांच्या खाली जमिनीवरच बसल्या, पाठ भिंतीला लावून.

"मी बोलले आणि चुकले तर त्या पोरीचं काय होईल?" त्या म्हणाल्या. "गप्प बसले आणि कार्यक्रमाने तिला आणखी भोवलं तर?"

मला वाटलं होतं, त्या तब्येतीचं कारण सांगून जाणार नाहीत. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरली होती. पोरं गोल बसलेली. ईश्वरी आईच्या मांडीला टेकून, दोन वेण्या, तोंडात आईच्या पदराचं टोक. संस्थेचा कार्यकर्ता पंचविशीतला, हसरा, सभ्य मुलगा होता. पोरांसाठी खडू आणि कागद घेऊन आला होता. त्याने मॅडमना वाकून नमस्कार केला. सरपंचांचं भाषण झालं आणि मॅडमना दोन शब्दांसाठी उभं केलं.

मॅडम उभ्या राहिल्या. त्यांनी गळ्यातली शिट्टी मुठीत धरली. मग म्हणाल्या, "मुलांना एकेकाला उठवून ते सगळं सांगायला लावू नये, असं मला वाटतं. आज तरी नको."

कुणाला कळेना. सरपंच म्हणाले, "म्हंजे? कार्यक्रमच त्यो हाय ना मॅडम."

मॅडमनी सांगितलं. काय वाचलं, कुणावर केलेलं वाचलं, काय सापडलं नाही, सगळं. लांबलं. मधेच अडखळल्या. सभेत बोलायची भाषा ही नव्हे हे मलाही कळत होतं. माणसं चुळबुळायला लागली. मग ईश्वरीचे वडील उठले. टेम्पो चालवणारे, रुंद, डोळे तांबारलेले.

"पोरगी माझी बोलत न्हाई," ते म्हणाले. "घास तोंडात धरून बसतीय. हे लांबून आलेत तिला बोलती कराया, आन तुमी म्हनता बोलू नगा? तुमाला प्वार हाय का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या.

"मंग?"

तेव्हा मी त्यांच्या तोंडी पहिल्यांदाच घरची भाषा ऐकली. "भाऊ, तिला बोलायचं आसंल तवा बोलू द्या," त्या म्हणाल्या. "ती बोलली तर ऐका. सगळी कामं टाकून ऐका. पण वढून काढू नका. जेवण, शाळा, झोप, रोजचं रोज व्हऊ द्या. एकटी सोडू नका. थोड्या दिसांनी फरक न्हाई पडला तर मी सवता तिला डॉक्टरकडं नेते. तोवर मी येत जाईन."

"आन तुमचं चुकलं तर?"

मला वाटलं, आता म्हणतील की नाही चुकणार. एवढ्या लोकांसमोर दुसरं काय म्हणणार?

"चुकू शकतं," त्या म्हणाल्या. "मला त्याचीच भीती वाटतीय."

ईश्वरीच्या वडिलांनी पोरीला उचलून खांद्यावर घेतलं आणि ते घरी निघून गेले. कार्यकर्ता मुलगा बाजूला जाऊन फोनवर कुणाशी तरी बराच वेळ बोलला. परत आला तेव्हा त्याने खडू वाटले आणि सांगितलं, ज्याला जे काढायचं ते काढा, नसेल काढायचं तर खेळा. पोरं हळूहळू उठली आणि व्हरांड्यातच लगोरी मांडली. मैदानात कुणी उतरलं नाही.

गावाने मॅडमवर राग धरला. "पुण्याची माणसं माघारी लावली" असं ओतूरच्या बाजारापर्यंत गेलं. मॅडम मात्र म्हटल्याप्रमाणे जात राहिल्या. कॉलेज सुटलं की उन्हं असेपर्यंत वस्तीवर. पहिल्यांदा ईश्वरीच्या आईने नुसतं पाणी दिलं आणि आत गेली. नंतर बसू दिलं. मॅडम काही विचारायच्या नाहीत. समोर जे काम असेल ते करायच्या. शेंगा सोल, लसूण निवड. पोरगी दाराआड उभी राहून बघायची. आईपाशी तिचा एखादा शब्द फुटायला लागला, पाणी, भाकर, एवढाच. बाहेरच्या माणसासमोर नाही. वाटेने येता-जाता मॅडम पूर्वीपेक्षा मोठ्याने संदर्भ म्हणायच्या. दोनदा त्यांना पावलांचे ठसे दिसले होते. मी काही वेळा त्यांच्याबरोबर गेले, आणि काही वेळा घोडेगावहून फोन करून म्हटलं की एस.टी. चुकली.

पुढचं आधीच सांगते. वाघ आला त्या दुपारी दगड मारणाऱ्या मुलाचा गावाने नारळ आणि शाल देऊन सत्कार केला होता. तो हसत-खेळत होता, त्याच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. मॅडमचंही नाही. दोन-अडीच महिन्यांनी त्याची झोप उडाली. दिवसासुद्धा घराबाहेर पडेना, कुणी पाठीमागून आलं की किंचाळायचा. मॅडम त्याला आणि त्याच्या आईला घेऊन पुण्याला मनोविकारतज्ज्ञांकडे गेल्या, पुढेही नेत राहिल्या. तो आता आळेफाट्याला मामाकडे असतो, मामाच्या गॅरेजात काम शिकतो. बराच बरा आहे. पण उसाच्या रस्त्याने गावी येत नाही. गावात म्हणायला लोक म्हणालेच, "त्या दिशी बोलता केला असता तर..." मॅडमनी कधी ते खोडून काढलं नाही. मी चिडून म्हणाले, की तुम्ही म्हणत का नाही, याचा त्याच्याशी संबंध नाही? त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही ना, संबंध आहे की नाही. तुला माहीत आहे?"

माझा प्रबंध झाला. दुसऱ्या प्रकरणाचं शेवटचं वाक्य मॅडमनी सांगितलं तसंच ठेवलं, की आपल्या भागातल्या मुलांबाबत या प्रश्नावर आम्हाला अभ्यास आढळला नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, एवढ्या मेहनतीचं प्रकरण इतक्या मिळमिळीत वाक्यावर का संपवलंत? मी म्हणाले, "सर, पुढचं मला माहीत नाही म्हणून." मागे बसलेल्या मॅडमनी मान खाली घातली होती, त्यामुळे त्यांना ते आवडलं की नाही ते कळलं नाही. निवृत्तीनंतर त्या नाशिकला बहिणीकडे राहायला गेल्या. तिसऱ्या मजल्यावर, खिडकीला जाळी. कधी फोन केला तर म्हणतात, इथेही झोप लागत नाही, फार शांत आहे.

पण त्यांची आठवण आली की मला ती वस्तीवरची दुपार दिसते. ऊस तुटायला आला होता. त्या दिवशी मी बरोबर होते. ईश्वरीची आई, मॅडम आणि मी अंगणात वाटाण्याच्या शेंगा सोलत होतो. मध्ये पातेलं, शेजारी टरफलांचं टोपलं. वाटेतल्या उसात काहीतरी खसखसलं आणि आम्ही तिघी एकदम थांबलो. मॅडमचा हात शिट्टीवर गेला. उसातून कुत्रं बाहेर आलं आणि निघून गेलं.

दाराआडून आवाज आला. घोगरा, न वापरलेला.

"तुमाला भ्या वाटतं?"

मॅडमनी मान वळवली नाही. "वाटतं की," त्या म्हणाल्या. "लई वाटतं."

"मंग येता कशा?"

"भीत भीतच येते गं."

पोरगी दारातून बाहेर आली आणि मॅडमच्या शेजारी बसली. पाठ भिंतीला लावून. थोड्या वेळाने म्हणाली, "मला बी वाटतं. चुलतीचा हात सुटला तवापासनं." आणि मग ती सांगू लागली, थांबत, मधलं सोडत, पुन्हा मागे जात. मॅडमनी हातातली शेंग खाली ठेवली होती. त्या फक्त ऐकत होत्या. तिची आई मान वर न करता शेंगा सोलत राहिली, आणि दाणे टोपल्यात टाकत होती, टरफलं पातेल्यात.